परतीची तारीख

निवृत्त ग्रंथपाल दिनकररावांनी संगणकावर हजारभर ई-पुस्तकं लावली आणि यादीत स्वतःचा एक रकाना वाढवला: परतीची तारीख. सून वैदेही हसली. "बाबा, पेनड्राइव्हवर नक्कल जाते, पुस्तक इथंच राहतं. परत काय आणायचं?" त्यांना ते ठाऊक होतं. छापील पुस्तक परत द्यायला आलेला माणूस चहा पिऊन तासभर बसायचा. आता पुस्तक जात नाही आणि माणूस येत नाही, असा व्यवहार. त्यांनी पिंगळीच्या अप्पारावांना फोन लावला. "मुदत संपली. कादंबरी परत करा." "चेष्टा करायलाव का, दिनकरराव?" "नियम आहे." दुपारी अप्पाराव खरंच पेनड्राइव्ह घेऊन आले. चहा झाला, कादंबरीचा शेवट लेखकानं कसा घालवला यावर भांडणही झालं. उठताना अप्पारावांनी पेनड्राइव्ह पुन्हा खिशात टाकला. "अजून वाचून न्हाई झाली," ते म्हणाले, "आठवडाभर मुदत वाढवून द्या."