हूणाची बेकरी

१९१५ साली आमच्या लंडनच्या गल्लीत जर्मन माणसाला 'हूण' म्हणायची टूम निघाली, आणि वीस वर्षं आम्हाला पाव भाजून देणारा म्हातारा व्होल्क एका दुपारीत हूण झाला. "चालता हो, हूणा!" म्हणत पहिला दगड मिसेस टिडमार्शनंच मारला. मग फुटक्या काचेतून हात घालून सहा पाव एप्रनमध्ये भरून नेले. पोलीस आले, पण धरून नेलं ते व्होल्कलाच.

तिसऱ्या दिवशी ते पाव संपले. बाई टोपली घेऊन बेकरीच्या दारात हजर, तर दाराला कुलूप.



"बघा मेल्याचा कावा!" ती माझ्यावरच खेकसली. "गल्लीतली पोरं उपाशी मारतोय. शेवटी हूण तो हूणच!"