साहेबांसमोर विझणारा दिवा

दिवा विझला. नेमके साहेब दारात आले तेव्हाच.

टेबलावर एक बॅटरी, बोटभर लांबीची हिरवी पट्टी आणि हरभऱ्याएवढा दिवा. पट्टी प्लास्टिकची. वीज वाहून नेणारं प्लास्टिक करायचं, या ध्यासापायी केमिस्टने अर्धं आयुष्य आणि डोक्यावरचे सगळे केस घालवले होते. एरवी दिवा आठवडा आठवडा जळायचा. साहेब आले की डोळे मिटायचा. कारखान्यात केमिस्टचं नाव 'लोडशेडिंग' पडलं होतं.

बायको म्हणायची, "अहो, तुमची पट्टी म्हणजे माझ्या भावाचं पोर. घरभर गाणी म्हणतं, पाहुणे आले की मुकं."

साहेब गेले की केमिस्ट पट्टी आम्लात बुडवायचा. ती पुन्हा ठणठणीत. मुळात बिघडते कशाने, हे विचारण्याची एवढ्या हुशार माणसाला कधी गरजच वाटली नाही.

आज शेवटची संधी होती. साहेबांनी रुमाल नाकाला लावला.

"प्रयोगशाळा बंद करा. इथे खोकी ठेवू. खोकी निदान फजिती तरी करत नाहीत."

या वयात केमिस्टला दारात कोण उभं करणार होतं?

"आणि हा वास कसला?" म्हणत साहेबांनी स्वतः खिडकी उघडली. स्वतःच्या हाताने काही करण्याची ती त्यांची त्या वर्षातली पहिलीच वेळ असावी. केमिस्टला वासबीस काही आला नव्हता. त्याचं नाक केव्हाच निवृत्त झालं होतं.

"अमोनियाने फरशी पुसून घेतली, साहेब," मागे अदबीने उभा असलेला व्यवस्थापक म्हणाला. "आपण येणार म्हटलं की दर वेळी घेतो."

केमिस्टने पट्टीकडे पाहिलं. ती निळी पडली होती. खिडकीतल्या वाऱ्यावर हळूहळू पुन्हा हिरवी होऊ लागली. दिवा लुकलुकला आणि लागला. अमोनिया आम्लाला मारतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्याला स्वतःचं हसू आलं, रडूही आलं.

"साहेब, थांबा!" तो आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांवर ओरडला. "आपल्या शीतगृहाच्या नळ्यांत हाच वायू आहे ना? गेल्या उन्हाळ्यात नळी गळली, ते कधी कळलं आपल्याला? माणसं बेशुद्ध पडल्यावर!"

साहेबांनी रुमाल खाली घेतला.

पुढच्याच बैठकीत साहेबांनी आपला शोध जाहीर केला. खिडकी त्यांनीच उघडली होती, त्यामुळे कोणाची हरकत असण्याचं कारण नव्हतं. शीतगृहात नळीनळीशेजारी पट्टी बसणार होती. तिचा दिवा विझला की भोंगा वाजणार होता. केमिस्टला बढती मिळाली.

"मग?" घरी बायकोने विचारलं. "आता गातं का तुमचं पोर पाहुण्यांसमोर?"

"छे गं," तो म्हणाला. "पाहुणे आले की गप्पच बसतं. आता त्याचाच पगार आहे."