बेसिनचं भोक

नऊ दिवस बेशुद्ध पडलेल्या रुग्णाच्या सुजलेल्या मेंदूतलं पाणी नळीवाटे पिशवीत साचायचं. सिस्टर ते मोजायच्या आणि शेजारच्या खोलीतल्या बेसिनमध्ये ओतायच्या.

आज ओतलेलं गेलं खरं, पण लगेच भोकातून उलटं वर आलं. कोमट, बुळबुळीत, नाडीसारखं उसळत.

"शी! पंचवीस वर्षं लोकांची घाण काढली, पण हे म्हणजे अतीच झालं."

सिस्टर करवादल्या. बाहेर सांडू नये म्हणून त्यांनी नाक मुरडत हातमोज्यातला अंगठा भोकात दाबला. आत काहीतरी मऊ होतं, आणि ते ठोके देत होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून रुग्णाची बायको आनंदानं ओरडली, "सिस्टर, हे बोलले हो!"

"काय म्हणाले?"

"म्हणतायत, डोकं फुटतंय, सिस्टरांना अंगठा काढायला सांग."