डोक्यावरची अळंबी

आमच्या बव्हेरियात नाताळच्या संध्याकाळी झाडासमोर कविता म्हटल्याशिवाय मुलांना भेट मिळत नाही. बायको गेल्यापासून माझी सात वर्षांची गेर्डा जेमतेम बोलायची, म्हणून ती खुर्चीवर चढली तेव्हा मी पुढे सरकून बसलो. "देवाची म्हण हं," सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आईच्या कवितांत हट्टी मुलं हमखास मरायची, तसलं नको." "ही मी रचलीय," म्हणत गेर्डानं सुरुवात केली: "आईचा वास जाईल म्हणून बाबा खिडकी उघडत नव्हते, कोंदट खोलीत डोक्यावर त्यांच्या अळंबीचे झुबके उगवत होते. आजीनं केला छान रस्सा, सगळे जेवले पोटभर. बाबा कुठे विचारलं तर आजीनं दिला ढेकर." सासूबाई हसू दाबता दाबता ठसकल्या. मी विचारलं, "आता उघडली तर जीव वाचेल?" "लगेच उघडलीत तर," ती म्हणाली. मी उठून खिडकीची कडी काढली.