नादुरुस्त पाणटिवळा

धरणाच्या फुगवट्यावर लांब चोचीच्या पाणटिवळ्यांचा थवा उतरला, तशी अनसूयाताईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. खरे पक्षी यायचे बंद होऊन काळ लोटला होता. आता पर्यटकांसाठी दर हिवाळ्यात हे बनवलेले यांत्रिक पक्षी सोडत, आणि फोटोंवरून त्यांच्यातला बिघाड हुडकायचा, हे ताईंचं काम. एकेकाळी त्या हौसेने फोटो काढायच्या. आता नुसती पाठ दुखायची.

थव्यापासून लांब एक पाणटिवळा चिखलात बसला होता. पिसं विस्कटलेली, एक पंख लोंबलेला. बाकीचे सगळे कसे तुकतुकीत!

"हा कामातून गेलाय, बापूकाका. घाला पोत्यात," ताई म्हणाल्या.

म्हातारे नावाडी बापूकाका होडीतून उतरले. त्यांनी पक्षी उचलला आणि तसेच उभे राहिले.

"ताई, गरम लागतोय की ह्यो."

"बॅटरी तापली असेल. आटपा आता, जीव कंटाळलाय माझा."

बापूकाकांच्या काखेतलं पोतं चिखलात पडलं. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ जपून ताईंपुढे धरली.

"ताई, बॅटरी अशी धडधडती का ओ?"