चोवीस अंशांची वही

चौतीस.

मेकॅनिकने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. पेटीच्या दारावरच्या छोट्या पडद्यावर आकडा तसाच. चौतीस पूर्णांक दोन. काचेआड जाईचं रोप मान टाकून उभं होतं. सकाळी सातला याच पडद्यावर चोवीस होते. आता दुपारचे साडेबारा. त्याच्या काखेत नवी कुंडी होती, आत्ताच विकत आणलेली. ती त्याने तशीच जमिनीवर टेकवली.

हे रोप म्हणजे त्याच्या आईच्या जाईची शेवटची फांदी. जुनं घर विकलं तेव्हा वेलही गेला. जाता जाता त्याने चार फांद्या कापून आणल्या होत्या. तीन थंडीने वाळल्या. चौथीसाठी त्याने मागच्या खोलीत ही पेटी उभी केली. एका दुकानाने टाकून दिलेला, काचेच्या दाराचा फ्रिज घेतला. त्यात दिवा लावला, हीटर बसवला आणि तापमान राखणारं यंत्र जोडलं. चोवीसच्या खाली गेलं की हीटर चालू, वर गेलं की बंद. उद्या मुलगी रोप न्यायला येणार होती, नव्या घराच्या दारात लावायला. "आजीची जाई आहे बाबा, सांभाळाल ना?" असं तिने तीनदा विचारलं होतं. "यंत्र सांभाळतंय," असं याने तीनदा सांगितलं होतं.

चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त केलेला माणूस. काम सुटल्यावर सहा महिने खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होता. पेटीने त्याला उठवलं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात आकडा बघायचा, मग संध्याकाळी दोन्हींची वहीत नोंद. बेचाळीस दिवस झाले, आकडा चोवीसच्या आगेमागेच. दर पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरात: 'नियंत्रण: स्वयंचलित'. मधल्या वेळात तो पेटीकडे फिरकतही नसे. सारखं उठून बघायचं तर यंत्र कशाला, हे त्याचं म्हणणं. दूधवाला सापडो की टपालवाला, त्याला पेटीपुढे उभं करून निरूपण सुरू. बायको आतून ओरडे, "अहो, सोडा त्याला, दूध नासेल त्याचं!"

बहिणीला बरं नव्हतं म्हणून बायको काल तिच्याकडे गेली होती. जाताना दोनच गोष्टी सांगून गेली. रात्री गरम पाण्याची पिशवी पेटीत ठेवा. आणि पेटीमागच्या खटक्याला हात लावू नका. पिशवी त्याने ठेवली, तिचं मन राखायला. सकाळी मात्र मागे वाकून पाहिलं, तर हीटरचा खटकाच बंद. झाडू मारताना पडला असणार, आणि ही मला शिकवते! हसत हसत त्याने खटका चालू केला आणि कुंडी आणायला बाहेर पडला.

आता चौतीस अंशांतही हीटर रसरसून तापत होता. त्याने यंत्राला दोन टपल्या मारल्या. आकडा पस्तीस झाला. त्याने फोन लावला.

"अगं, पस्तीस झालेत!"

"खटका लावलात ना?"

"तो बंद होता म्हणून..."

"बंदच असतो तो. आधी पाडा. दार सताड उघडा. आणि बाही वर करून कोपर आत घाला."

"कोपर?"

"पोरीच्या अंघोळीचं पाणी मी कशाने बघत होते? तुमच्या यंत्राने? कोमट लागलं की दार लावा."

चाळीस वर्षांच्या अनुभवाचा धनी फ्रिजमध्ये कोपर खुपसून पंधरा मिनिटं उभा राहिला. टपालवाला आज आला नाही, ही देवाची कृपा.

कोमट लागलं. दार लावून त्याने पुन्हा फोन केला. "पण हीटरला झालंय काय?"

"मला काय कळतंय त्यातलं? गार असलं की तो गप्प बसतो आणि गरम झालं की आणखी पेटतो. पहिल्याच दुपारी बघितलं मी. तेव्हापासून खटका बंद. दिव्याच्या उबेवर दार उघडतेय, लावतेय, रात्री पिशवी ठेवतेय."

त्याने यंत्राचं झाकण काढलं. गरम झालं की चालू, गार झालं की बंद. फ्रिजला असंच लागतं. टाळकऱ्याचा हात झोपेतही ठेका धरतो, तशी त्याच्या बोटांनी हीटरची वायर सवयीच्या जागी लावली होती. मालकाला न विचारता.

"मग सांगितलं का नाहीस?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"सांगणारच होते. पण त्या संध्याकाळी चोवीस बघून तुम्ही टाळी वाजवलीत. सहा महिन्यांत पहिल्यांदा. म्हटलं, वाजू दे थोडे दिवस."

संध्याकाळपर्यंत रोपाने मान उचलली. शेंड्याची दोन पानं करपली होती, बाकी हिरवी होती. त्याने नकळत हात जोडले. आईला की देवाला, त्यालाही कळलं नाही.

सातच्या ठोक्याला तो वही घेऊन बसला. पहिल्या पानापासून एकेक 'स्वयंचलित' खोडत गेला आणि प्रत्येकापुढे लिहीत गेला: 'हिचं कोपर'. बेचाळीस पानं झाली. मग त्रेचाळिसावं, आजचं कोरं पान उघडून त्याने प्रामाणिकपणे भरलं:

'नियंत्रण: मी स्वतः. तापमान: पस्तीस.'