डावा डोळा

आमच्या ह्यांनी एकदा मुंगीच्या पायातला काटा काढला होता, असं मी नातवंडांना सांगते. पोरांना पटतं, कारण आजोबा घड्याळजी. उजव्या डोळ्याला भिंग, डावा मिटलेला, असा उभा जन्म गेला. डायबेटीसही जुना. लेक दरवर्षी मागे लागते, “बाबा, डोळे आतून तपासून घ्या.” हे म्हणतात, “केसाएवढा स्क्रू दिसतो मला. डॉक्टरला दिसतो का विचार.” आज मात्र भिंगात काळे धागे तरंगायला लागले. भिंग पुसून पुसून माझ्यावरच खेकसले, “तुझे केस गळतात सगळीकडे.” मी म्हटलं, “डोक्यावर राहिलेत किती, गळायला? डाव्या डोळ्याने बघा की.” ह्यांनी भिंग डावीकडे लावलं, उजवा मिटला आणि विचारलं, “लाईट गेली का गं?” टेबलावरच्या चालू दिव्याची धग माझ्या हाताला लागत होती. “गेलीये,” मी म्हटलं. “येईपर्यंत डोळे मिटूनच बसा.”